फायबरच्या गाडीवर रिमूव्हर का मारू नये

जुन्या गाडीचा रंग काढायचा म्हटलं की पुण्यातल्या बहुतेक गॅरेजांत एकच रिवाज आहे. ब्रशनं रिमूव्हर फासायचा, थोड्या वेळात रंगाला फोड येतात, ते पट्टीनं खरवडायचे आणि वरून पाणी मारायचं. फियाट, ॲम्बेसेडर, जीप यांना हे चालतं, कारण खाली पोलादी पत्रा असतो. फायबरच्या, म्हणजे काचेचे तंतू रेझीनमध्ये (घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थात) बसवून केलेल्या बॉडीच्या गाडीवर हाच डबा उघडला तर रंगाबरोबर बॉडीचंही नुकसान होतं.

आपल्याकडे अशा गाड्या थोड्या आहेत, पण आहेत. १९८२ साली बंगळुरूहून आलेली सिपानी डॉल्फिन ही ब्रिटिश रिलायंट किटनवर बेतलेली, फायबरच्या बॉडीची. पुढच्याच वर्षी मारुती ८०० आली आणि डॉल्फिन मागे पडली. नंतरची सॅन स्टॉर्मही फायबरचीच. अमेरिकेत तर १९५३ पासून शेवरोलेची कॉर्व्हेट याच मालात घडत आली. या बॉडीला गंज चढत नाही, म्हणून चाळीस वर्षं शेडमध्ये पडलेली गाडीही पुन्हा उभी करता येते. म्हणूनच रंग काढताना ती खराब झाली की मला फार वाईट वाटतं.

जोरकस रिमूव्हरमधला मुख्य पदार्थ बराच काळ डायक्लोरोमीथेन हा राहिला आहे. त्याचे रेणू अगदी लहान असतात. रंग म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंचं एकमेकांत गुंतलेलं पातळ जाळं. लहान रेणू त्या जाळ्यात शिरले की ते फुगतं, पण खालचा पत्रा आहे तेवढाच राहतो. फुगलेल्या रंगाला जागा पुरत नाही आणि तो सुटून वर उचलला जातो. पत्र्यात या रेणूंना शिरायला वाव नाही, त्यामुळे काम रंगापाशीच थांबतं.

फायबरमध्ये मात्र काचेच्या तंतूंना धरून ठेवणारं पॉलिएस्टर रेझीन हेही लांब साखळ्यांचंच जाळं आहे. रिमूव्हरला रंग कुठे संपला आणि बॉडी कुठे सुरू झाली हे कळत नाही. तो वरच्या जेलकोटात, म्हणजे बॉडीच्या बाहेरच्या गुळगुळीत रेझीनच्या थरात, मुरतो आणि रेझीन मऊ करतो. आत राहिलेला अंश पुढे त्रास देतो. डायक्लोरोमीथेन साधारण ४० अंश सेल्सिअसला उकळतं आणि पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत उन्हातलं बॉनेट त्याहून कितीतरी जास्त तापतं. मग नव्याकोऱ्या रंगाखाली फुगे धरतात. शिवाय ही वाफ श्वासावाटे शरीरात गेली की तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेनं २०१९ साली असे रिमूव्हर घरगुती ग्राहकांना विकायला बंदी केली. शटर ओढून घेतलेल्या गाळ्यात तर ते वापरूच नयेत.

कॉस्टिक सोड्याचा, म्हणजे अल्कलीचा, रिमूव्हरही नको. साबण बनवताना अल्कली तेलातले एस्टर बंध तोडते, आणि पॉलिएस्टर याच बंधांवर उभं असतं. हीट गनही नको. तिची हवा काही शे अंशांची असते, तर साधं पॉलिएस्टर शंभराच्या आतच मऊ पडायला लागतं.

उरतो तो हाताचा रस्ता. धारदार पातं अगदी आडवं धरून रंगाचे थर उचलायचे, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०. वेगवेगळ्या वेळी मारलेले रंग नकाशावरच्या समोच्च रेषांसारखे एकात एक उघडे पडतात आणि आपण किती खोल आलो ते दिसत राहतं. प्रायमर दिसला की हात हलका करायचा. वॉटर पेपरनं धूळ कमी उडते आणि जुन्या पिवळ्या-तांबड्या रंगांत शिशाचा क्रोमेट असू शकतो म्हणून ते बरंच. पण तंतू उघडे पडलेत तिथे पाणी नको. ते तंतूंच्या कडेनं आत झिरपतं. तिथे कोरडंच घासायचं, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. काचेचे तंतू साधारण १० मायक्रॉन जाडीचे असतात, त्यांची टोकं कातडीत रुततात आणि दिवसभर खाज सुटते.

आता दुरुस्ती. रंग उतरला की तडे दिसायला लागतात. नाण्यानं टिचकी मारत पुढे सरकावं. चांगल्या जागी टणटणीत आवाज येतो, थर सुटलेत तिथे बद्द. बोल्टाच्या किंवा बिजागरीच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे असतील तर आधी मागून बघायचं. बोल्ट जास्त आवळलेला असतो किंवा चौकट ताण देत असते. ते कारण तसंच ठेवून वरून कितीही काम केलं तरी तडे परत येतात.

आरपार तड्यात पुट्टी भरणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. पॅनेलवर येणारा जोर काचेचे तंतू पेलतात आणि पुट्टीत ते नसतातच. त्यामुळे तुटलेल्या तंतूंवरचा भार नव्या तंतूंकडे जाईल असा उतार घासावा लागतो. बोटबांधणीपासून चालत आलेला ठोकताळा म्हणजे जाडीच्या बारापट. पॅनेल ३ मिलिमीटर जाड असेल तर तड्याच्या दोन्ही बाजूंना ३६ मिलिमीटर. एवढं घासताना जीव वरखाली होतो, पण नवं रेझीन जुन्या, पूर्ण सेट झालेल्या रेझीनशी फारसे रासायनिक बंध जोडत नाही. ते चिकटून धरतं, आणि चिकटायला क्षेत्रफळ हवं.

या उतारावर मॅट, म्हणजे काचेच्या सुट्या तंतूंची चटई, रेझीनमध्ये भिजवून बसवायची. हे भिजवण्याचं काम बघत राहावंसं असतं. कोरडी मॅट पांढरीशुभ्र दिसते, कारण काच आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश विखुरतो. काच आणि पॉलिएस्टर रेझीन यांचे अपवर्तनांक जवळपास सारखे, १.५५ च्या आसपास. रेझीन मुरलं की तंतू दिसेनासे होतात आणि खालचा जुना थर लख्ख दिसतो. जिथे पांढरा ठिपका उरला तिथे हवा अडकली आहे. रोलर फिरवून ती कडेला काढायची. एवढी सोपी आणि खात्रीची तपासणी कुठल्या यंत्राशिवाय होते, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

रेझीनमध्ये कोबाल्ट (सेट होण्याचा वेग वाढवणारं द्रावण) आधी मिसळून घ्यायचा, कॅटलिस्ट (सेट होणं सुरू करणारा पदार्थ) शेवटी, एक-दोन टक्के. कोबाल्ट आणि कॅटलिस्ट ही दोन कधीही थेट एकत्र ओतू नयेत. मिश्रण भडकू शकतं. डिसेंबरच्या सकाळी कॅटलिस्ट दोन टक्के लागतो, तर मे महिन्यात एक टक्क्यातही डबा हातात तापतो, कारण तापमान दहा अंशांनी चढलं की वेग साधारण दुप्पट होतो. वरचा थर बराच वेळ चिकट राहतो, तो बिघाड समजू नये. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावरची अभिक्रिया रोखतो.

इपॉक्सी हे दुसऱ्या प्रकारचं रेझीन जुन्या फायबरला अधिक घट्ट धरतं, पण त्यासोबत काचेच्या तंतूंचं विणलेलं कापड घ्यावं. साध्या मॅटमधले तंतू एकत्र ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टर रेझीनमधल्या स्टायरीन या द्रवात विरघळेल असा बनवलेला असतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट ताठ राहते आणि नीट भिजत नाही.

हे सगळं फेब्रुवारी ते मे महिन्यांत करावं. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची हवा दमट असते आणि ओल्या हवेत पॉलिएस्टर नीट सेट होत नाही. दुरुस्त पॅनेलला काही आठवडे उन्हाची धग लागू द्यावी. सेट होताना पॉलिएस्टर आकसतं, उरलेली अभिक्रिया उष्णतेनं पूर्ण होते आणि ती पूर्ण होण्याआधी रंग मारला तर तकतकीत पृष्ठभागावर खालच्या मॅटचे तंतू ठशासारखे उमटतात.