अंदाधुंद गोळीबार आणि त्याची पूर्वलक्षणे

वर्दळीच्या जागी शिरून समोर येईल त्याच्यावर गोळ्या झाडत सुटणे, याला पोलिसी भाषेत ‘ॲक्टिव्ह शूटर’ घटना म्हणतात. संज्ञा अमेरिकेतली आहे. टोळीयुद्ध किंवा सुपारीचा गोळीबार तीत मोडत नाही. तो मुंबईने पुष्कळ पाहिला, पण तिथे मारायचा माणूस ठरलेला असतो. इथे पुढची गोळी कुणाला, हे कुणालाच ठाऊक नसते.

अमेरिकेच्या एफबीआयने २००० ते २०१३ मधल्या १६० घटना तपासल्या. कालावधी नक्की कळलेल्या ६३ पैकी ४४ घटना पाच मिनिटांत संपल्या होत्या. पोलीस येईपर्यंत जे करायचे ते तिथे सापडलेल्यांनाच करावे लागते.

२६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरचा हल्ला हे सीमेपलीकडून रचलेले दहशतवादी कृत्य होते. त्यात १६६ जणांचा जीव गेला. एकट्या माथेफिरूच्या गोळीबाराशी त्याची बरोबरी होत नाही, तरी जीव कसा वाचवावा हे त्या रात्रीपासून शिकण्यासारखे आहे. सीएसटी स्थानकात उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या कक्षातून हलले नाहीत. लोकलमधून उतरणाऱ्यांना ‘मागच्या बाजूने बाहेर पडा’ असे ते माइकवरून सांगत राहिले. पुढे हल्लेखोर कामा रुग्णालयात शिरले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डाचे दार लावले आणि वीस गरोदर बायकांना एका छोट्या पँट्रीत नेऊन बसवले. जगभर दिला जाणारा सल्लाही हाच: निसटता आले तर सामान टाकून निसटा, नाहीतर दार लावा, दिवे मालवा, मोबाइलचा आवाज बंद करा. झुंज द्यायची ती दुसरा मार्गच उरला नाही तर.

पण खरा वाव त्याआधी असतो. एफबीआयने २०१८ मध्ये ६३ हल्लेखोरांचा पूर्वेतिहास प्रसिद्ध केला. प्रत्येकाच्या वागण्यात सरासरी चार ते पाच चिंताजनक गोष्टी आसपासच्यांना दिसल्या होत्या. ज्यांच्या तयारीचा काळ कळला, त्यातल्या तीन चतुर्थांशांहून अधिक जणांनी आठवडाभर किंवा जास्त काळ आखणी केली होती. मानसिक आजाराचे निदान मात्र चौघांपैकी एकालाच झालेले होते, म्हणून ‘वेडाच्या भरात केले’ हे स्पष्टीकरण अपुरे पडते. जुनी तक्रार उगाळत राहणे, ‘एकेकाला बघून घेतो’ ही भाषा, पूर्वीच्या हल्लेखोरांचे कौतुक, शस्त्रांची अचानक ओढ, निरवानिरव केल्यासारखे बोलणे: यातले एखादे लक्षण एकटे काहीच सिद्ध करत नाही, ती एकत्र येऊन वाढू लागली की धोका असतो. घरच्यांना, सहकाऱ्यांना, वर्गमित्रांना ती दिसतात. बहुतेक जण त्या माणसाशीच बोलतात किंवा गप्प राहतात. वर कळवणारे त्याहून कमी. चुगली केल्यासारखे वाटते, आणि हा संकोच फार महाग पडतो.

३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर–मुंबई एक्सप्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपल्या वरिष्ठावर आणि तीन प्रवाशांवर गोळ्या झाडल्या, चौघेही दगावले. बरे वाटत नाही, वलसाडला उतरू द्या, असे तो आधी म्हणत होता, असे सोबतच्या सहकाऱ्याने तक्रारीत नोंदवले. मारले गेलेले तिन्ही प्रवासी मुस्लिम होते आणि गुन्ह्यात धार्मिक तेढ पसरवल्याचे कलमही लागले, त्यामुळे हा प्रकार निव्वळ प्रकृतीच्या खाती टाकता येत नाही. तरी बंदूक बाळगणारा अस्वस्थ दिसला, तर आधी बंदूक काढून घ्यावी आणि मग विचारपूस करावी. मानसिक मदतीसाठी टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे; धमकी किंवा शस्त्र दिसले तर ११२.