युरी मिलनर : भौतिकशास्त्र सोडून इंटरनेटकडे, आणि पुन्हा भौतिकशास्त्राकडे

औंढा नागनाथजवळच्या दुधाळा शिवारात लायगो-इंडियाची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार हे ठरल्यापासून हिंगोली-परभणी-नांदेडकडे या लहरींवर, म्हणजे अवकाशात उठणाऱ्या अतिसूक्ष्म तरंगांवर, बरंच बोललं गेलं, छापलं गेलं. आइन्स्टाइनचं भाकीत, लेझर, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, जमिनी, रस्ते, सगळं आलं. पण या लहरींच्या शोधासाठी वर्षानुवर्षं खपलेल्या हजारावर लोकांना २०१६ साली बक्षिसाची रक्कम देणाऱ्या पारितोषिकामागचा माणूस कोण, याची चर्चा आपल्याकडे झाली नाही. युरी मिलनर हे त्याचं नाव. लायगो-इंडियात त्यांचा पैसा नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. तो २,६०० कोटींचा खर्च भारत सरकारचा आहे, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला. मिलनर यांची गोष्ट वेगळ्या कारणासाठी आपल्या कामाची आहे.

त्यांचा जन्म मॉस्कोतला, नोव्हेंबर १९६१ चा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये युरी गागारिन अंतराळात जाऊन आला होता, म्हणून आईवडिलांनी मुलाचं नाव युरी ठेवलं. मॉस्को विद्यापीठातून १९८५ साली ते सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले आणि लेबेदेव संस्थेत मूलकणांवर संशोधन करू लागले. पुढे नोबेल मिळवणारे विताली गिन्झबुर्ग याच संस्थेतले. अशा माणसांच्या सहवासात मिलनर यांना आपला वकूब कळला. आपल्या हातून या विषयात मोठं काही होणार नाही, असं त्यांना वाटू लागलं आणि पीएचडी अर्धवट सोडून ते बाहेर पडले.

पुढची दहा वर्षं चाचपडण्यात गेली. मॉस्कोत संगणक विकले. १९९० मध्ये अमेरिकेत व्हार्टनला व्यवस्थापन शिकायला गेले, तिथून वॉशिंग्टनला जागतिक बँकेत. मग रशियात परत येऊन एका बँकेशी निगडित दलाली कंपनी चालवली. १९९९ च्या सुमारास अमेरिकन विश्लेषक मेरी मीकर यांचा इंटरनेट उद्योगावरचा अहवाल त्यांच्या वाचनात आला आणि दिशा ठरली. अमेरिकेत चाललेले इंटरनेटचे धंदे रशियात उभे करायचे म्हणून त्यांनी भागीदारासोबत नेटब्रिज काढली. डॉट-कॉमचा फुगा फुटल्यावर, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचे फुगलेले भाव कोसळल्यावर, २००१ मध्ये ती मेल.रू ही रशियातली ई-मेल सेवा चालवणाऱ्या कंपनीत विलीन झाली आणि मिलनर तिचे प्रमुख झाले. २००५ मध्ये त्यांनी डिजिटल स्काय टेक्नॉलॉजीज ही गुंतवणूक कंपनी सुरू केली.

त्यांना जगभर ओळख मिळवून दिली ती मे २००९ च्या फेसबुक व्यवहाराने, आणि माझ्या मते त्यांच्यातला भौतिकशास्त्राचा विद्यार्थी इथेच दिसतो. मंदीचा काळ होता, गुंतवणूकदार हात आखडून बसले होते. मिलनर यांनी २० कोटी डॉलर देऊन १.९६ टक्के हिस्सा घेतला, म्हणजे फेसबुकची किंमत १,००० कोटी डॉलर धरली. संचालक मंडळावर जागा मागितली नाही, मतदानाचा हक्कही मागितला नाही. अनेकांना हा वेडेपणा वाटला. पण मिलनर यांच्याकडे आकडे होते. रशियातल्या सोशल नेटवर्क कंपन्यांत त्यांचे हिस्से होते, त्यामुळे एका वापरकर्त्यामागे किती उत्पन्न निघतं आणि ते कसं वाढत जातं, हे त्यांनी देशोदेशींचे आकडे मांडून तपासलं होतं. आधी मोजमाप, मग अंदाज, मग त्या अंदाजावर भरवसा, ही प्रयोगशाळेतली सवय. पुढे ट्विटर, एअरबीएनबी, अलिबाबा, आणि आपल्याकडे फ्लिपकार्ट, ओला, स्विगी यांतही त्यांच्या कंपनीने पैसे घातले.

या पैशाला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. फेसबुक आणि ट्विटरमधल्या त्यांच्या गुंतवणुकीमागे रशियन सरकारशी निगडित संस्थांचा पैसा होता, हे २०१७ च्या पॅराडाइज पेपर्समधून, म्हणजे परदेशांतल्या गुप्त आर्थिक व्यवहारांच्या फुटलेल्या कागदपत्रांमधून, उघड झालं. तो सर्वसाधारण व्यावसायिक व्यवहार होता, राजकारणाशी त्याचा संबंध नव्हता, असं मिलनर यांचं म्हणणं. २०२२ मध्ये त्यांनी रशियाचं नागरिकत्व सोडलं.

जुलै २०१२ मध्ये त्यांनी मूलभूत भौतिकशास्त्रासाठी पारितोषिक सुरू केलं. पहिल्याच वर्षी नऊ शास्त्रज्ञांना प्रत्येकी ३० लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या नोबेलच्या दुपटीहून जास्त. त्या नऊ जणांत अलाहाबादच्या हरीशचंद्र संशोधन संस्थेतले अशोक सेन होते. नोबेल सहसा प्रयोगाने सिद्ध झालेल्या कामाला मिळतं. सेन यांच्यासारख्या स्ट्रिंग सिद्धांतावर (मूलकण म्हणजे कंप पावणाऱ्या सूक्ष्म तारा, असं मांडणारा सिद्धांत) काम करणाऱ्याला त्यासाठी किती वाट पाहावी लागेल कोण जाणे. मिलनर यांनी ती अट ठेवली नाही. सिद्धांत मांडणाऱ्यांची कदर व्हावी हा त्यांचा आग्रह मला मोलाचा वाटतो.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोच्या अमेरिकेतल्या दोन्ही यंत्रांनी १३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन कृष्णविवरांच्या टकरीतून आलेली लहर टिपली. फेब्रुवारी २०१६ मध्ये शोध जाहीर झाला, त्याच महिन्यात लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी मिळाली. मे महिन्यात मिलनर यांच्या पारितोषिकाने ३० लाख डॉलरचा विशेष पुरस्कार जाहीर केला. नोबेल तिघांपलीकडे वाटता येत नाही, आणि २०१७ मध्ये या शोधाचं नोबेल तिघांनाच मिळालं. इथे दहा लाख लायगोचे संस्थापक रॉनल्ड ड्रेव्हर, किप थॉर्न आणि रायनर वाइस यांना, तर उरलेले वीस लाख शोधात सहभागी १,०१२ जणांना समान वाटले गेले. माणशी दोन हजार डॉलरच्या आत, तेव्हाचे सव्वा लाखाच्या वर रुपये. रक्कम लहान, पण प्रत्येकाचं नाव यादीत. लहरींचे क्षीण संकेत गोंगाटातून वेगळे काढण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेलं काम याच सामूहिक शोधाचा भाग होतं.

आपल्याकडे लातूर पॅटर्नमधून दरवर्षी हुशार पोरं डॉक्टर-इंजिनिअर होतात. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करणाऱ्याला घरातलेच विचारतात, पुढे काय, एमपीएससी का? आणि त्यातला कुणी पुण्याला आयटीत गेला की विज्ञान वाया गेलं असं धरलं जातं. मिलनर यांनी विषय सोडला, पण त्याची पद्धत धंद्यात वापरली आणि कमाईतला मोठा वाटा त्याच विषयाकडे वळवला. शाळकरी मुलांसाठीही त्यांनी २०१५ मध्ये ब्रेकथ्रू ज्युनिअर चॅलेंज सुरू केलं: १३ ते १८ वर्षांच्या विद्यार्थ्याने विज्ञानातली एखादी अवघड कल्पना छोट्या व्हिडिओत समजावून सांगायची. जिंकणाऱ्याला अडीच लाख डॉलरची शिष्यवृत्ती, शिक्षकाला ५० हजार, आणि शाळेला एक लाख डॉलरची प्रयोगशाळा. २०१८ मध्ये हे बक्षीस बंगळुरूच्या एका मुलाने मिळवलं. औंढ्याच्या, वसमतच्या शाळांतल्या विज्ञान शिक्षकांनी याची माहिती जरूर काढावी.