गिअरबॉक्स गेला, टॉर्क कन्व्हर्टर वाचेल का?

पावसाळ्यात पांदण रस्त्यावरच्या काळ्या मातीत ऑटोमॅटिक गाडी फसली की चालक रेस दाबून धरतो. चाकं चिखलात घट्ट रुतलेली, इंजिन नुसतं ओरडतंय. अशा वेळी इंजिनची जवळपास सगळी ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधलं, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या बंद डब्यातलं, तेल तापवण्यात जाते. हे तेल ८०-९० अंशांवर ठीक असतं, १२० च्या वर झपाट्यानं बिघडतं. त्यात सोयाबीनच्या मळणीचा भुसा कूलरच्या जाळीत बसलेला असेल तर विचारूच नका.

तपासणीआधी एक खात्री करा. स्वस्त गाड्यांतले बरेच ऑटोमॅटिक एएमटी, म्हणजे क्लच-गिअर यंत्रानं बदलणारे साधे गिअरबॉक्स असतात. त्यांत साधा क्लच असतो, कन्व्हर्टर नसतोच.

पहिली साक्ष तेलाची. दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाका. काळपट रंग आणि जळका वास म्हणजे क्लच प्लेटांचं अस्तर जळलं. चकाकणारे कण दिसले तर बेअरिंग, बुश किंवा पंप झिजतोय. पातळी नुसतीच कमी असेल तर आधी कूलरचे पाइप बघा. गळक्या पाइपापायी चांगला गिअरबॉक्स उघडला जातो.

६०-८० च्या वेगाला, हलक्या रेसवर गाडी बारीक थरथरत असेल तर रेस तशीच ठेवून डाव्या पायानं ब्रेकला नुसता स्पर्श करा. थरथर तिथल्या तिथे थांबली तर संशय लॉक-अप क्लचवर (वेग आल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच), म्हणजे कन्व्हर्टरच्या आतच.

स्टॉल टेस्ट, म्हणजे चाकं रोखून रेस देऊन आरपीएम बघणं, मिस्त्रीकडूनच करून घ्या, तीही गाडीच्या मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर. तेल गरम, हँडब्रेक ओढलेला, पायाचा ब्रेक पूर्ण दाबलेला, गाडीसमोर कोणी नाही. डी मध्ये पूर्ण रेस, जास्तीत जास्त ५ सेकंद. कंपनीनं दिलेल्या आकड्यापेक्षा आरपीएम वर गेला तर गिअरबॉक्सचे क्लच घसरताहेत. बराच खाली राहिला तर एक तर इंजिन दमलंय, नाहीतर स्टेटरचा एकदिशा क्लच निकामी झालाय. कन्व्हर्टरमध्ये पात्यांची तीन चाकं असतात: इंजिनसोबत फिरणारा पंप, गिअरबॉक्स फिरवणारं टर्बाइन आणि मधला स्टेटर. स्टेटर टर्बाइनकडून परतणारं तेल वळवून पंपाच्या फिरण्याच्या दिशेनं सोडतो. तोच दोन्ही बाजूंना मोकळा फिरू लागला की तेल पंपाच्या विरुद्ध आदळतं आणि इंजिन दबतं. अशी गाडी उठताना मेंगळटते, वेग आल्यावर मात्र बरी चालते. स्टेटर जाम झाला असेल तर उलटं: उठते छान, पण वेग धरत नाही आणि तेल उकळतं.

आता जुना कन्व्हर्टर पुन्हा लावायचा का? तेल लाल, स्वच्छ असेल आणि दोष व्हॉल्व्ह बॉडी (तेलाची वाट ठरवणारा भाग) किंवा सोलेनॉइडचा (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) असेल, तर खुशाल लावा. मात्र हबवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या पंपात शिरणाऱ्या नळीवर, सील बसते तिथं नख फिरवा. नख अडलं तर सील गळणारच. आत बोट घालून स्टेटरचे दाते फिरवा: एका बाजूला मोकळे, दुसऱ्या बाजूला घट्ट. बाहेरून पत्रा निळसर पडला असेल तर तो जास्त तापलाय, नको. तेलात धातूचे कण होते तर आमचं मत स्पष्ट आहे: वेल्ड केलेला कन्व्हर्टर रॉकेलनं खळखळवून साफ होत नाही. गाळ पात्यांमागे अडकतो आणि नव्या क्लचमध्ये उतरतो. असा कन्व्हर्टर लेथवर कापून, अस्तर-सील बदलून, पुन्हा वेल्ड आणि बॅलन्स करणाऱ्याकडे द्या, नाहीतर बदला. कूलरही धुवा.

बसवताना खरी गोम आहे. कन्व्हर्टरमध्ये साधारण लिटरभर नवं तेल ओता, मग हलकेच फिरवत आत ढकला. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, स्टेटर शाफ्ट आणि तेलाचा पंप, या तिन्ही ठिकाणी तो पायरीपायरीनं आत सरकतो. गिअरबॉक्स इंजिनाला बोल्टांशिवाय, हातानं चिकटला पाहिजे आणि त्यानंतरही कन्व्हर्टर व फ्लेक्सप्लेटमध्ये (इंजिनाच्या टोकाची पातळ चकती) बहुतेक गाड्यांत ३ ते ५ मिमी फट राहिली पाहिजे. फट नसेल तर तो पंपात बसलेलाच नाही. अशात बोल्ट आवळून ओढलं की पंपाचे दाते फुटतात आणि इंजिन चालू करताच नवा गिअरबॉक्सही जातो.