सार्वजनिक वास्तूंची पारख (ग्रामीण विदर्भ)

समाजमंदिर, ग्रामपंचायत भवन, अंगणवाडी, बुद्धविहार, गोटुल (गोंड आदिवासींचे सामाईक घर), आठवडी बाजाराचे ओटे, पार, प्रवासी निवारा अशा गावाच्या सामाईक जागा किती चांगल्या रचल्या आहेत, हे ओळखण्याची रीत. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्याच वास्तू चांगल्या दिसतात. त्यामुळे पारख वापरानंतरच करावी लागते. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या आगा खान वास्तुकला पुरस्कारासाठीही वास्तू किमान एक वर्ष वापरात असावी लागते आणि तज्ज्ञ जागेवर जाऊन तिची पाहणी करतात. विदर्भाशेजारच्या खानदेशातील, चोपडा तालुक्यातील कुष्ठरोग रुग्णालयाला १९९८ मध्ये हा पुरस्कार मिळाला. अंगणाभोवती बांधलेली ती साधी दगडी वास्तू आहे.

विदर्भात पहिली कसोटी उन्हाची. नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. काँक्रीटचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळी, नेमकी माणसे जमायच्या वेळी, ती धग खाली सोडतो. टिनाच्या पत्र्याखाली तर दुपारी बसवतच नाही. कवेलूंच्या (मातीच्या कौलांच्या) छपरातून गरम हवा फटींवाटे वर निघून जाते आणि मातीच्या जाड भिंतीतून उष्णता आत यायला वेळ लागतो. नव्या बांधकामात कवेलू व माती नसली, तरी पश्चिमेची भिंत झाकणे, समोरासमोर खिडक्या ठेवणे आणि पुढे रुंद छपरी काढणे यांना फारसा खर्च येत नाही. छपरी तर सोडूच नये. सभागृहात शिरायला संकोचणारी माणसे, लेकरू कडेवर घेतलेल्या बाया, म्हातारे, सारे तिथेच टेकतात.

दुसरी कसोटी काळ्या मातीची. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पायाची इमारत आपल्यासोबत हलवते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग आणि जोत्यापासून सुटलेली फरशी रंगाच्या नव्या थराखालीही ओळखता येते. पाया मातीच्या हलत्या थराखाली गेला आहे का, जोत्यात मुरूम भरला आहे का, पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर जाते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. पूर्व विदर्भात पाऊस अधिक, म्हणून तिथे छपराचा उतार आणि पुढे आलेल्या पागोळ्या आणखी महत्त्वाच्या.

या दोन्ही कसोट्यांचा धडा घ्यायला वर्ध्याजवळचे सेवाग्राम पाहावे. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. घर गावातल्याच साहित्याने आणि मजुरांकडून बांधावे, खर्च ५०० रुपयांवर जाऊ नये, अशी त्यांची अट होती. गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी उभारलेली झोपडी पुढे बापू कुटी म्हणून ओळखली गेली. माती, बांबू, कवेलू आणि ठेंगणी ओसरी एवढ्यावर ती उभी आहे. तिला लिंपण आणि डागडुजी लागते. पण ते काम गावातल्या हातांना येते, हा मोठा गुण समजावा. वर्ध्यात १९७६ पासून काम करणाऱ्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानेही मातीच्या छतांवर प्रयोग केले आहेत.

तिसरी कसोटी माणसांची आणि ती सर्वांत अवघड. वास्तू कोणत्या वस्तीत आहे, तिथे कोण बिनधास्त बसते आणि कोण दारातून परततो, हे नकाशात दिसत नाही. पारावर बहुधा पुरुषच बसतात. बायांच्या बसण्याची जागा आखली गेली नाही, तर सभागृह अर्ध्या गावाचेच राहते. जवळ शौचालय नसेल तर त्यांना ग्रामसभेत फार वेळ थांबता येत नाही. रॅम्पचा उतार एकास बारापेक्षा (एक फूट चढायला बारा फूट लांबी) उभा असेल, तर तो केवळ कागदापुरता बांधलेला असतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गाव एकमताने निर्णय घेण्यासाठी प्रसिद्ध आहे आणि २००९ मध्ये त्याला सामूहिक वनहक्क मिळाले. सर्वांचे मत मोजायचे असेल, तर सर्वांना एका पातळीवर, एकमेकांची तोंडे दिसतील असे बसवणारी जागा लागते. मंचापुढे खुर्च्यांच्या रांगा मांडणाऱ्या सभागृहात हे साधत नाही.

पाहणीला जाणाऱ्याने सरपंचांसोबत अंगणवाडी सेविकेशी, झाडलोट करणाऱ्या बाईशी आणि किल्ली ज्याच्याकडे असते त्याच्याशी बोलावे. कुलूप दिवसातून किती वेळ उघडते, हा त्यांना विचारायचा पहिला प्रश्न.