मेल रिले : दूरस्थ वेब सर्व्हरसाठी
वेब सर्व्हरवर तयार होणारे मेल (पासवर्ड बदलण्याची लिंक, ऑर्डरची पोच इ.) थेट प्राप्तकर्त्याकडे न पाठवता संस्थेच्या मुख्य मेल सर्व्हरमार्फत पुढे पाठविण्याची व्यवस्था. वेब सर्व्हर दुसऱ्या डेटा सेंटरमध्ये असला, की त्याला रिलेची मुभा कशाच्या आधारावर द्यावी, हा यातील मुख्य प्रश्न. येथील तपशील पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरचा आहे.

मेल पाठविण्याचे नियम ठरविणाऱ्या आरएफसी ८२१ या इंटरनेट मानक-दस्तऐवजात (१९८२) पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याची सोय नव्हती. परक्याचा मेल पुढे पाठविणे हा बराच काळ शिष्टाचारच समजला जाई. स्पॅम वाढल्यावर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही मोकळीक संपत गेली, सेंडमेल या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरने ८.९ आवृत्तीपासून (१९९८) खुला रिले (कोणाचाही मेल पुढे पाठविणे) मुळातच बंद ठेवला. त्याच वर्षी आरएफसी २४७६ ने मेल दाखल करण्यासाठी ५८७ हे पोर्ट ठरविले. पोर्ट ४६५ ची कथा गुंतागुंतीची आहे. १९९७ च्या सुमारास ते एसएसएलवरील (सांकेतिक जोडणीवरील) मेलसाठी नोंदले गेले, थोड्याच काळात ती नोंद रद्द झाली आणि पुढे ते भलत्याच सेवेला मिळाले. वापर मात्र थांबला नाही. आरएफसी ८३१४ ने (२०१८) तो अधिकृत केला. ४६५ ला कालबाह्य म्हणणारी मार्गदर्शने बहुधा त्याआधीच्या समजुतीवर बेतलेली असावीत. ४६५ साठी वेब सर्व्हरवर ‘रॅपरमोड’ (जोडणी सुरुवातीपासूनच सांकेतिक ठेवणारी सेटिंग) चालू करावा लागतो; अन्यथा दोन्ही सर्व्हर एकमेकांच्या पहिल्या शब्दाची वाट पाहत थांबतात व जोडणी तुटते.

मुभा देण्याचे दोन मार्ग आहेत. वेब सर्व्हरचा एकच आयपी पत्ता (/३२) ‘मायनेटवर्क्स’मध्ये, म्हणजे मुख्य सर्व्हरच्या विश्वासू पत्त्यांच्या यादीत, घालणे सोपे, पण क्लाउडमधील पत्ता सोडला की तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. शिवाय पोस्टफिक्सच्या दरमर्यादांमधून ‘मायनेटवर्क्स’ मुळातच वगळलेले असते, त्यामुळे हॅक झालेल्या संपर्क फॉर्मला लगाम राहत नाही. म्हणून टीएलएससह (एसएसएलची पुढची आवृत्ती) स्वतंत्र खाते व पासवर्ड हा मार्ग अधिक ग्राह्य ठरतो.

वेब सर्व्हरवर ‘रिलेहोस्ट’ या सेटिंगमध्ये मुख्य सर्व्हरचे नाव चौकटी कंसात व पुढे पोर्ट लिहितात, कंस नसल्यास एमएक्स नोंद (डोमेनचे मेल कोणता सर्व्हर घेतो, हे सांगणारी डीएनएस नोंद) शोधली जाते. पासवर्डच्या फाइलमध्येही हेच रूप कंसासह जसेच्या तसे हवे. फाइलची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवून ‘पोस्टमॅप’ ही आज्ञा चालवावी; ती फाइल पोस्टफिक्स वापरतो त्या रूपात बदलते. स्वतःचे डोमेन ‘मायडेस्टिनेशन’मधून (ज्यांचे मेल याच सर्व्हरवर ठेवायचे त्या डोमेनांच्या यादीतून) काढावे, नाहीतर संस्थेच्याच पत्त्यांवरचे मेल स्थानिक खात्यांत शोधले जाऊन परत येतात. डेबियन या लिनक्स प्रणालीवर सास्लचे (ओळख पटविण्याच्या पद्धती पुरविणाऱ्या चौकटीचे) मॉड्यूल पॅकेज राहून गेले, तर ओळख पटविण्याची पद्धतच उपलब्ध नसल्याची तक्रार लॉगमध्ये दिसते.

मुख्य सर्व्हर खुला राहिला नाही ना, याची चाचणी तिसऱ्याच नेटवर्कवरून, पासवर्ड न देता, परक्या डोमेनच्या पत्त्यावर करावी. पोस्टफिक्स २.१० पासून अशा मेलला मूळ मांडणीत ४५४ हा तात्पुरता नकार मिळतो, ५५४ हा कायमचा नकार नव्हे. वेब सर्व्हरचा पासवर्ड चुकीचा असला तरी पोस्टफिक्सच्या मूळ मांडणीत मेल लगेच परत येत नाहीत. रांगेची मुदत बदलली नसल्यास ते पाच दिवस रांगेत राहतात.