पणजीचा कार्निव्हल आणि त्याआधीचा इंत्रुज

गोव्यातल्या कार्निव्हलची तारीख ईस्टरवरून ठरते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या ख्रिस्ती उपवासाचा पहिला दिवस येतो. मधले सहा रविवार वगळले की उपवासाचे ४० दिवस उरतात. त्या बुधवारच्या आधीचे शनिवार ते मंगळवार हे कार्निव्हलचे दिवस. हिशेब चंद्रावर चालत असल्याने कार्निव्हलचा मंगळवार अमावास्येच्या आसपासच पडतो, आणि बहुतेक वर्षी मागोमाग शिगमा, म्हणजे गोव्यातला होळीचा सण येतो. २०२५ मध्ये कार्निव्हल १ ते ४ मार्चला झाला आणि १३ मार्चला होळी पेटली. आपल्या पंचांगात अधिक मास कुठे येतो त्यावर हे अंतर बदलते. २०२४ मध्ये ते जवळजवळ दीड महिन्याचे होते.

पोर्तुगीज अमदानीतला जुना सण म्हणजे इंत्रुज. शहरात पातळ कागदाच्या पुड्यांत पीठ किंवा खडूची भुकटी भरून ती एकमेकांवर फेकत. त्या पुड्यांना 'कोकोते' म्हणत. कागद पातळच हवा, कारण पुडी अंगावर फुटण्यातच खरी गंमत. ओळखीच्यांच्या घरी न सांगता टोळीने घुसून नाच-गाणी करण्याचीही रीत होती.

खेड्यांतला इंत्रुज निराळा, आणि माझ्या मते जास्त मोलाचा. दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात खेळाची मंडळी वाजंत्रीसह गावोगाव फिरत आणि अंगणात छोटी कोंकणी नाटके करत. ना रंगमंच ना पडदा. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. पुढे हाच खेळ रंगमंचावर जाऊन खेळ-तियात्र झाला (तियात्र म्हणजे गोव्यातले कोंकणी संगीत नाटक). कदंब राजघराण्याची जुनी राजधानी असलेल्या चांदरला कार्निव्हलच्या सोमवारी रात्री मुसळ खेळ होतो. धोतर नेसलेले, पायांत घुंगरू बांधलेले ख्रिस्ती गावकर लांब मुसळे तालात जमिनीवर आपटत नाचतात. विजयनगरच्या हरिहर राजाच्या विजयाशी लोक त्याचा संबंध जोडतात. धर्म बदलला तरी गावकरांनी नाच सोडला नाही.

पणजीची चित्ररथांची मिरवणूक मात्र मुक्तीनंतरची, १९६५ सालची. तिमोतियो फर्नांडिस हे पहिले किंग मोमो, म्हणजे कार्निव्हलचा लुटुपुटीचा राजा. शनिवारी मोमो 'खा, पी आनी मजा कर' असा हुकूम सोडतो. मग मिरवणूक रविवारी मडगाव, सोमवारी वास्को, मंगळवारी म्हापसा अशी फिरते. ट्रकवर उभारलेला रथ, पुढे नाचणारे पथक, मध्ये विदूषक. एखादे पथक परीक्षकांसमोर रेंगाळले की मागची सगळी रांग खोळंबते. मांडवीकाठचा बांदोडकर मार्ग बंद झाला की शहराची वाहतूक तुंबते, म्हणून काही वर्षे मिरवणूक मिरामार–दोना पावला रस्त्यावर नेली गेली.

प्रायोजकांच्या जाहिरातींचे रथ वाढले तशी चर्चनेही या बाजारीपणावर जाहीर टीका केली, आणि ती रास्तच आहे. पणजीकरांचा स्वतःचा कार्निव्हल पाहायचा तर क्लुब नासिओनाल या पणजीतल्या जुन्या क्लबचा लाल-काळ्या पोशाखातला नाच पाहावा. तो मंगळवारी रात्री, उपवास सुरू होण्याच्या आदल्या रात्री असतो.