ट्रक-बसच्या लायसनसाठी मेडिकल सर्टिफिकेट: फॉर्म १-अ कुणाला लागतो, तपासणी काय होते, अर्ज कसा करायचा

लायसनच्या कार्डावर मुदतीच्या दोन तारखा असतात. एनटीपुढची तारीख खाजगी गाडीची, टीआरपुढची मालाच्या किंवा प्रवासी गाडीची. अंबाजोगाईला मी ऑनलाइन फॉर्म भरून देतो आणि दर महिन्याला एक-दोन ड्रायव्हर तरी असे येतात, "भाऊ, माझं लायसन अजून लई वर्षं चालतंय, फक्त पत्ता बदलायचाय." कार्ड हातात घ्यावं तर एनटीची तारीख लांब, पण टीआर चार महिन्यांपूर्वीच संपलेली. तेवढ्या चार महिन्यांत त्या माणसानं कारखान्याच्या उसाच्या फेऱ्या मारलेल्या असतात, नाहीतर रोज रात्री पुण्याची बस नेलेली असते. तेव्हा आधी स्वतःचं कार्ड काढा, टीआरची तारीख बघा आणि मग पुढचं वाचा.

व्यावसायिक लायसनची मुदत ५ वर्षं असते. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली, त्याआधी ती ३ वर्षं होती, त्यामुळं जुन्या ड्रायव्हरांच्या डोक्यात अजून तीनच बसलंय. आणखी एक जुनी गोष्ट डोक्यातून काढायला हवी. पूर्वी मुदत संपल्यावरही ३० दिवस लायसन चालू धरत. ती सवलत त्याच दुरुस्तीत गेली. आज तारीख संपली की उद्यापासून तुम्ही विनालायसन. कायद्यात त्याचा दंड ५,००० रुपये आहे, पण खरी भीती दंडाची नाही. अपघात झाला आणि त्या दिवशी लायसन चालू नसलं, तर विमा कंपनी तेच पुढं करते आणि भरपाईची रक्कम गाडीमालकाकडून वसूल होऊ शकते. एकच ट्रक असलेल्या मालकाचं त्यात शेत जातं.

मेडिकल कुणाला लागतं

मोटार वाहन कायद्यानुसार मालवाहू किंवा प्रवासी गाडीच्या लायसनसाठी वय कितीही असो, मेडिकल सर्टिफिकेट लागतंच. शिकाऊ लायसनला लागतं आणि दर नूतनीकरणालाही लागतं. या सर्टिफिकेटचं सरकारी नाव नमुना १-अ, बोलताना सगळे 'फॉर्म वन ए' म्हणतात. खाजगी कार-मोटरसायकलवाल्यांना ते वयाच्या चाळिशीनंतर लागतं, त्याआधी स्वतः भरून दिलेलं घोषणापत्र, म्हणजे नमुना १, पुरतं.

छोटा हत्ती, पिकअप, टॅक्सी चालवणारे इथं हमखास विचारतात, "आमचं काय?" सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू किंवा प्रवासी गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. पण दहाचाकी ट्रक, बस, टँकर यांना हे लागू नाही. ई-रिक्षा आणि धोकादायक माल यांचे नियमही वेगळे आहेत.

नव्यानं जड वाहनाचं लायसन काढायचं असेल तर वय २० पूर्ण हवं आणि हलक्या वाहनाचं लायसन हातात येऊन किमान १ वर्ष झालेलं हवं. ड्रायव्हिंग स्कूलचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ५, तेही लागतं. आठवी पासची अट २०१९ सालीच काढून टाकलीय. माजलगाव, केज, धारूर भागातली कितीतरी पोरं केवळ या अटीमुळं वर्षानुवर्षं क्लीनर म्हणून राहिली. अजूनही कुणी एजंट आठवी पासचा दाखला आणून देतो म्हणून पैसे मागत असेल तर एक रुपया देऊ नका.

डॉक्टर काय बघतात

फॉर्म १-अ एवढासा असतो, पण त्यातला एकेक प्रश्न वाचला की कळतं की तो गाडी चालवणाऱ्या माणसाला डोळ्यापुढं ठेवून केलेला आहे. नजरेत दोष आहे का, आणि असेल तर चष्म्यानं तो निघतो का? चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट ओळखता येते का? रंगांधळेपणा तीव्र आहे का? रातांधळेपणा आहे का? हॉर्न किंवा नेहमीचे आवाज ऐकू येणार नाहीत इतकं बहिरेपण आहे का? हात, पाय, सांधे यांत असं काही व्यंग आहे का की ज्यानं गाडी चालवण्यात अडथळा येईल? शेवटी डॉक्टर सही करतात ती 'मी अर्जदाराला स्वतः तपासलं आहे' या वाक्याखाली, आणि 'पात्र नाही' असं लिहिलं तर कारणही द्यावं लागतं. रक्तगटाची जागाही असते. ती सक्तीची नाही, पण भरून घ्या. रात्री दोन वाजता मांजरसुंब्याच्या घाटात तो कुणाच्या उपयोगी पडेल सांगता येत नाही.

चष्म्यानं नजर नीट होत असेल तर चष्मा हे नापास व्हायचं कारण नाही. हे मी रोज सांगतो, तरी माणसं चष्मा खिशात ठेवून डॉक्टरपुढं जातात. रंगांधळेपणाचा नियमही जून २०२० मध्ये सैल झालाय. सौम्य किंवा मध्यम असेल तर लायसन मिळतं, तीव्र असेल तरच अडतं.

२५ मीटर म्हणजे मोठ्या माणसाची साधारण तेहतीस पावलं. डॉक्टरकडं जायच्या आधी घरासमोर एखाद्या उभ्या टेम्पोपासून तेवढी पावलं मोजून मागं सरका आणि नंबर वाचा. दोन्ही डोळ्यांनी एकदा, मग एक डोळा झाकून, मग दुसरा. माझ्या मामांनी आमच्या दारात असंच वाचलं होतं. परळीच्या औष्णिक केंद्राची राख नेणारा टँकर ते बावीस वर्षं चालवत होते. उजव्या डोळ्यानं सगळं बरोबर आलं. तो झाकला तर ८ ला ३ म्हणाले, आणि पुढचे दोन आकडे ओठातल्या ओठात पुटपुटून गप्प बसले. समोरून लाइट आला की पांढरा फुफाटा दिसतो, हे ते दोन वर्षं सांगत होते आणि आम्ही सगळे त्याला थकवा समजत होतो. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. त्याआधीच्या नूतनीकरणाला एका एजंटानं त्यांचं मेडिकल परस्पर करून आणलं होतं, डॉक्टरानं यांचं तोंडही बघितलं नव्हतं. सहीच्या वर 'स्वतः तपासलं' असं छापलेलं होतं आणि तीच ओळ खोटी होती. मामांचं ऑपरेशन झालं, चष्मा लागला, नंतर रीतसर तपासणीत ते पात्र ठरले. त्या मधल्या काळात राखेचा भरलेला टँकर घेऊन ते किती रात्री तसेच आले-गेले, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून माझा आग्रह असतो की फॉर्मात विचारलेलं नसलं तरी शुगर आणि बीपी त्याच दिवशी बघून घ्या. ढाब्यावरचं खाणं, चार-चार चहा, रात्रीचं जागरण यांनी चाळिशीच्या आतच शुगर लागते, आणि शुगर डोळ्याच्या पडद्याला धरते तेव्हा दुखत काहीच नाही. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी लांबचा पल्ला करू नका. शुगर एकदम खाली गेली की घाम फुटतो, डोळ्यापुढं अंधारी येते, आणि ते स्टेअरिंगवर झालं तर गाडी बाजूला घ्यायलाही वेळ मिळत नाही. फिट येत असेल, अचानक चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल, तर नमुना १ मध्ये तसा थेट प्रश्न आहे आणि त्याखाली सही तुमची असते. खोटं लिहू नका. त्रास माहीत असून गाडी चालवणं हा कायद्यानं वेगळा गुन्हा आहे. पहिल्यांदा १,००० रुपयांपर्यंत, पुन्हा सापडल्यास २,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

अर्ज कसा करायचा

अर्ज परिवहन खात्याच्या 'सारथी' पोर्टलवर होतो. महाराष्ट्र राज्य निवडा, लायसनच्या सेवांमध्ये जा, लायसन नंबर आणि जन्मतारीख टाका, नूतनीकरण निवडा. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीवर काम सरळ होतं. जोडलेला नसेल तर आधी तेच करून घ्या, निम्मी रखडलेली प्रकरणं तिथंच अडलेली असतात.

मेडिकलचं काम आता कागदावर सही-शिक्का घेऊन संपत नाही. नोंदणी असलेले डॉक्टर स्वतःच्या लॉगिनमधून तुमच्या अर्ज क्रमांकावर सर्टिफिकेट चढवतात. म्हणून आधी अर्ज भरा, अर्ज क्रमांक घ्या, मग तो आणि आधार घेऊन डॉक्टरकडं जा. तुमच्या गावातल्या डॉक्टरांची सारथीवर नोंदणी आहे का, हे जायच्या आधी फोन करून विचारा. चढवलेलं सर्टिफिकेट अर्जाच्या स्थितीत दिसतं, ते दिसल्याशिवाय पुढं जाऊ नका.

सोबत मूळ लायसन, आधार, आणि पत्ता बदलला असेल तर नव्या पत्त्याचा पुरावा ठेवा. शुल्क पोर्टलवरच भरायचं, पावती जपून ठेवायची. आधारवरचं नाव आणि लायसनवरचं नाव जुळतं का ते आधी बघा. 'ज्ञानोबा' आणि 'ज्ञानोबाराव' एवढ्याशा फरकानं अर्ज परत आलेला मी बघितलाय.

मुदत संपायच्या १ वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. मुदत संपून १ वर्षाच्या आत आलात तर नूतनीकरण होतं, मात्र मधल्या काळात गाडीला हात लावायचा नाही. १ वर्षाच्या पुढं गेलं की पुन्हा चाचणी. बीडचं लायसन आणि मुक्काम चाकणला, अशी आपली हजारो माणसं आहेत. त्यांनी केवळ अर्जासाठी रजा टाकून गावी यायची गरज नाही, राज्यातल्या कुठल्याही परवाना कार्यालयाकडं अर्ज करता येतो.

बस, टॅक्सी, रिक्षावाल्यांना लायसनशिवाय बॅच, म्हणजे छातीवर लावायचा बिल्लाही लागतो आणि त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. तिला वेळ लागतो, म्हणून ती आधी सुरू करा. इंधनाचे, स्पिरिटचे टँकर चालवणाऱ्यांची मुदत ५ नाही, ३ वर्षं असते. त्यांना धोकादायक मालाचं ठरावीक प्रशिक्षण आणि नूतनीकरणाला उजळणीचा वर्ग करावा लागतो.

नापास झालात तर

बहुतेकांची कारणं दुरुस्त होणारी असतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन अंबाजोगाई, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत होतं. चष्मा लावून किंवा उपचार करून पुन्हा तपासणी करता येते. परवाना अधिकाऱ्यानं लायसन नाकारलं किंवा आजाराच्या कारणावरून रद्द केलं तर आदेश लेखी मागा. त्यावर ३० दिवसांत अपील करता येतं. दिवस आदेश हातात पडल्यापासून मोजतात, म्हणून पाकिटावर तारीख लिहून ठेवा.

रस्ता सुरक्षा अभियानात, बहुधा जानेवारीत, आरटीओ कार्यालयं आणि टोलनाक्यांवर डोळे तपासणीची मोफत शिबिरं लागतात. गाडी दहा मिनिटं बाजूला लावा आणि तपासून घ्या, नूतनीकरणाला दोन वर्षं असली तरी.

नवं कार्ड टपालानं घरी येतं. तोवर डिजिलॉकरमधलं लायसन दाखवलं तरी चालतं. कार्ड आलं की नाव, गाडीचा वर्ग आणि टीआरची तारीख तिथंच उभं राहून वाचा. मी माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये त्या तारखेच्या दोन महिने आधीचा गजर लावून देतो, आणि गाडी दुसऱ्याची असेल तर तीच तारीख मालकाच्या व्हॉट्सअपवरही पाठवायला लावतो.